आठपट की दहापट?

छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचं ठरलं, की पहिला प्रश्न येतो, "याचा झूम किती?" आमच्या सातवीत हाच वाद रंगला. कारंजा-सोहोळ अभयारण्यातल्या काळविटांचे फोटो काढायचे म्हणून मुलांनी खाऊचे पैसे साठवलेले. वापरलेले दोन कॅमेरे पसंतीला आले, कॅनन कंपनीचे 'इक्सस १८५' आणि 'इक्सस १९०'. दोन्ही मॉडेल २०१७ सालची. पहिल्याचा झूम आठपट, दुसऱ्याचा दहापट.

"सर, दहापटवालाच घ्या!" सगळा वर्ग ओरडला.

पण दहापट म्हणजे कशाच्या दहापट? हे कुणी विचारलंच नाही! भिंगाचं नाभीय अंतर जितकं जास्त, तितकी लांबची वस्तू मोठी दिसते. जुन्या रोलच्या कॅमेऱ्याच्या मापात सांगायचं, तर १८५ चं भिंग २८ मिलीमीटरपासून सुरू होतं आणि १९० चं २४ पासून. आता पाढे म्हणा. २८ आठे २२४ आणि २४ दाहे २४०. बघा, शेवटी फरक उरला फक्त १६ चा! काळवीट खांद्यापर्यंत साधारण पाऊण मीटर उंच. ते शंभर मीटरवर उभं असेल, तर दोन्ही कॅमेऱ्यांत फोटोच्या उंचीच्या जेमतेम चौदाव्या-पंधराव्या हिश्श्याएवढंच दिसणार.

मग १९० चा फायदा कुठे? दुसऱ्या टोकाला. तीन मीटरवरून वर्गाचा फोटो काढलात, तर १८५ मध्ये सुमारे ३.७ मीटर रुंदी मावते, १९० मध्ये ४.३. म्हणजे काठावरची एक-दोन मुलं बाहेर राहत नाहीत. (नेहमी काठावर उभं राहणाऱ्यांना याचं मोल विचारा!)

'डिजिटल झूम' लिहिलेलं दिसलं, तर तिकडे लक्षच देऊ नका. वर्तमानपत्रातल्या फोटोवर बहिर्गोल भिंग धरून पाहा. ठिपके मोठे होतात, नवं काही दिसत नाही. तसंच ते.

मेगापिक्सेल दोन्हींचे सारखेच, २०. म्हणजे दोन कोटी ठिपके. सहा बाय चार इंचाच्या छापील फोटोला २२ लाखही पुरतात. त्यामुळे हा आकडा बाद.

खरा फरक आणखी एक आहे. हात थोडा हलला, तर तो सावरायची सोय १९० च्या भिंगातच आहे. १८५ मध्ये ती नाही. पूर्ण झूमवर भिंगातून उजेड कमी येतो, म्हणून संध्याकाळी ही सोय फार कामाची. मात्र काळवीटच पळत असेल, तर तिचा उपयोग नाही हं! शिवाय १९० मध्ये वाय-फाय आहे, फोटो थेट मोबाईलवर जातात. १८५ मध्ये ही सोय नाही.

माझं मत म्हणाल, तर किमतीत थोडाच फरक असेल तर १९० घ्यावा. फरक मोठा असेल, तर १८५ घेऊन उरलेल्या पैशांत जादा बॅटरी घ्यावी आणि फोटो काढताना कॅमेरा दगडावर नाहीतर कुंपणाच्या खांबावर टेकवावा.

आणि पालकहो, वापरलेला कॅमेरा घेताना बॅटरी फुगलेली नाही ना, ते पाहा. भिंग दोन-तीनदा पूर्ण बाहेर काढून आत घ्या, करकर ऐकू येता कामा नये. मग पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा. त्यात काळपट डाग दिसला, तर आत धूळ गेलीय. तो कॅमेरा दुकानदाराला परत द्या.