संन्याशाचे काम, संसारी माणसाच्या हाती

खानदेशात दस्तावेज जतन करण्याचा विषय निघाला की पहिले नाव ओठांवर येते ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे. गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवर कसर लागत पडलेली दप्तरे धुंडाळून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड सिद्ध केले. त्यातील पहिला १८९८ साली निघाला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांनी देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्या तपश्चर्येपुढे कोणीही नतमस्तक व्हावे.

मात्र या थोर चरित्राने समाजमनात एक समजूत नकळत रुजवली. राजवाड्यांना ऐन उमेदीत पत्नीवियोग झाला आणि त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. पलीकडे अमळनेरला १९२४ ते १९३० या काळात प्रताप हायस्कूलमध्ये शिकवणारे, वसतिगृहातील आजारी मुलांच्या उशाशी बसणारे आणि स्त्रियांच्या ओव्या जमवून ‘स्त्री जीवन’ सिद्ध करणारे साने गुरुजीही अविवाहितच. तेव्हा अशी कामे घरदार नसलेल्यांनी करावीत, संसारी माणसाने सवडीप्रमाणे हातभार लावावा, हे आपण गृहीतच धरून टाकले.

प्रश्न असा आहे की, आज जे नोंदवायचे राहिले आहे ते कोणत्याही दप्तरात नाही. ते कंठात आहे. दोंडाईचा आणि शिंदखेडा परिसरातील गावांत श्रावणात कानबाई बसते, रोट होतात, रात्र जागवली जाते. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. भाद्रपदात गुलाबाई येते. यांतली अहिराणी गाणी पूर्णपणे येणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. नाती-सुनांना पहिली दोन कडवी येतात, पुढे नुसताच सूर. जाते घरातून गेले तेव्हा जात्यावरची ओवीही गेली, कारण ती दळतानाच सुचायची आणि दळतानाच आठवायची.

हे चित्रित करायला बाहेरून मोठा कॅमेरा आणि अनोळखी चेहरे आले तर म्हातारी पदर सावरून गप्प बसते. ओळखीच्या माणसापुढे, आणि तेही अहिराणीत बोलणाऱ्यापुढे, ती मोकळी होते. म्हणजे हे काम कोणाच्या वाट्याला येते? गावातल्याच एखाद्या शिक्षिकेच्या. चित्रण करणारा फोन आज तिच्या हातात आहे. तिला भाषा कळते, शाळेमुळे घरोघर ओळख आहे. नाही तो वेळ. सकाळी घरचे आवरून शाळा, परीक्षेचे पेपर, निवडणुकीचे काम. संध्याकाळी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले सासरे, त्यांची औषधे, कूस बदलणे, रात्रीचे उठणे. अशा दिवसातून माहितीपटाला उरतो तो रात्री अकरानंतरचा, डोळ्यांवर झापड आलेला तास.

अशा स्त्रीविषयी आपण काय म्हणतो? ‘सगळे कसे सांभाळते हो!’ हे कौतुक दिसते, पण बहुतेक वेळा ती हात झटकण्याची सभ्य रीत असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार १५ ते ५९ वयोगटात घरातील माणसांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी त्यावर सुमारे १४० मिनिटे खर्च करतात, पुरुष ७४. स्वयंपाक, धुणे-भांडी यात धरलेली नाहीत. वडील ज्याचे, त्या मुलाने या पाहणीतला आपला आकडा घरात एकदा मोजून पाहावा. कुटुंबव्यवस्था हे आपले वैभव आहे, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी तर आवर्जून मोजावा. वैभवाचा भार एकाच खांद्यावर टाकला की त्याला वैभव म्हणणे कठीण जाते.

संसारी माणसाच्या हातून हे काम होतच नाही, असे मात्र नाही. जळगावच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. शेतात, चुलीपाशी, जात्यावर त्या जे गात, ते मुलगा सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये गाणी पुस्तकरूपाने आली. घरातल्या माणसांनी कागद-पेन्सिल हाती घेतली नसती तर मराठीला ही कवयित्री लाभलीच नसती.

दुसरे उदाहरण पुण्याचे. सुमित्रा भावे कर्वे समाजसेवा संस्थेत अध्यापन करत होत्या, झोपडपट्टीतील स्त्रियांचा अभ्यास त्यांनी केला होता. ज्यांच्याविषयीचा अभ्यास त्यांनाच वाचता येत नसेल तर तो पोचावा कसा, या अडचणीतून त्या चित्रपटाकडे वळल्या आणि १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट झाला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी केलेला ‘अस्तु’ शुश्रूषेत गुंतलेल्या प्रत्येक घराने पाहण्यासारखा आहे. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे चालत हरवतात. इकडे लेक त्यांना शोधत फिरते आणि तिकडे माहुताची बायको त्यांना लेकरासारखे भरवते. लेकीचे वडिलांवर प्रेम आहे आणि ती थकलेलीही आहे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

काही जण सुचवतील, सासूची शुश्रूषा करतानाच तिची गाणी टिपावीत, दोन्ही कामे साधतील. हा सल्ला अर्धाच खरा आहे. आजारी माणूस म्हणजे चित्रणाचा विषय नव्हे. ज्या दिवशी तिला बरे वाटते, तिची इच्छा असते, त्या दिवशी गाणे घ्यावे. जिची स्मृती ढळली आहे तिचा असहाय चेहरा तर मुळीच टिपू नये, मग गाणे कितीही दुर्मीळ असो.

खरी गरज आहे ती आठवड्यातल्या दोन दुपारींची. एक रविवारची, जेव्हा मुलगा वडिलांपाशी बसेल आणि औषधांच्या वेळा त्याला पाठ असतील. दुसरी शनिवारची शाळा सुटल्यावरची, जेव्हा शेजारची किंवा नात्यातली एखादी बाई दोन तास येईल, आणि या तिच्या येण्याची पाळी ठरलेली असेल. मुख्याध्यापकांनी मनावर घेतले तर वरच्या वर्गातील मुलींना आजीकडून एकेक गाणे लिहून आणायला सांगता येते. गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तारीख, तिची परवानगी आणि चित्रणाची दुसरी प्रत, एवढी शिस्त पाळली तर पुढचा अभ्यासक दुवा देईल. वस्तीवस्तीत कार्यकर्ते असलेल्या संघटनांना अशा पाळ्या लावणे अवघड नाही. रक्तदानाच्या, पूरग्रस्तांच्या मदतीच्या याद्या एका रात्रीत तयार होतात, मग अंथरुणाला खिळलेल्या वृद्धापाशी दोन तास बसणाऱ्यांची यादी का होऊ नये?

कानबाईच्या रात्रीचे चित्रण करायचे असेल तर ती यादी श्रावणाआधी व्हायला हवी.