सध्या काय वाचता?

दोन निवृत्त माणसे भेटली की रक्तदाब, साखर, गुडघे आणि निवृत्तिवेतन ह्यांतच बोलणे संपते. म्हाताऱ्या माणसाला विचारावयाचे प्रश्न समाजाने जणू एवढेच ठरवून टाकले आहेत. पुण्यातील एका पेठेतल्या वाचनालयात मात्र गेली काही वर्षे दर शनिवारी दहाबारा ज्येष्ठ वाचक जमतात आणि तेथला पहिला प्रश्न असतो : 'सध्या काय वाचता?' प्रस्तुत लेखकही त्यांत असतो. आपल्या कार्यकर्त्यांनी लक्ष द्यावे असे ह्या साध्या प्रथेत काही आहे, म्हणून हे लिहिणे.

तेथे नियम एकच. पांडित्य नको, जे वाचताना आनंद होतो आहे तेवढेच सांगावे. एक निवृत्त शिक्षिका लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तिसऱ्यांदा वाचीत आहेत. तरुणपणी त्यांतला विनोद त्यांना आवडला होता. आता, एकट्या राहू लागल्यावर, १८९५ साली पतीने धर्मांतर केल्यानंतरची ती ताटातूट त्यांना अधिक कळते. पुस्तक तेच आहे. बदलली आहे ती वाचणारी.

दुसरे एक सदस्य १९८२ च्या संपानंतर मुंबई सोडून आलेले गिरणी कामगार. त्यांच्या हाती सध्या गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आहे. १९७० साली प्रसिद्ध झालेले, ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या लढ्याचे हे पुस्तक त्यांनी पूर्वी अभ्यासवर्गात वाचले होते. ते म्हणाले, "तेव्हा मी मोर्चे वाचले. आता मोर्च्याआधीची पायपीट वाचतो." चळवळीत उमेदवारी करणाऱ्या कोणत्याही तरुणाने हे वाक्य ऐकावयास हवे होते, पण त्या शनिवारी तेथे साठीच्या आतला एकही माणूस नव्हता.

प्रस्तुत लेखकाची पाळी आली तेव्हा त्याला एक कबुली द्यावी लागली. डॉ. आंबेडकरांच्या १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' ह्या ग्रंथातील उतारे त्याने तीस वर्षे शिकविले. पण ग्रंथ सलग वाचला तो निवृत्तीनंतर. केन्स ह्यांनी उचलून धरलेल्या सुवर्ण-विनिमय पद्धतीवर बाबासाहेबांनी टीका केली, कारण विनिमयदरापेक्षा देशांतर्गत किंमतींचे स्थैर्य त्यांना महत्त्वाचे वाटत होते, असे मी समजावून सांगू लागलो. तेच कामगार मध्येच म्हणाले, "म्हणजे महागाई कोणाच्या खिशातून जाते, हेच ना?" वर्गात इतक्या थोडक्यात मला ते कधी सांगता आले नव्हते.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर भाकरी वाटली की प्रत्येकाचा तुकडा लहान होतो. वाचलेले वाटले तर कोणाचेच कमी होत नाही. परंतु त्यासाठी मुळात पुस्तक, जागा आणि दिवा हवा, आणि त्यांना पैसा लागतो. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. मात्र १९४८ च्या मद्रास कायद्यात किंवा १९६५ च्या कर्नाटकाच्या कायद्यात आहे तशी ग्रंथालय-कराची तरतूद त्यात केली नाही. परिणामी आपली ग्रंथालये सरकारी अनुदानाकडे डोळे लावून बसतात आणि ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर दिवस काढतात.

आमच्या वाचनालयाचा जुना वाडा आता पाडला जाणार आहे. नव्या इमारतीत वाचनालयाला दुसऱ्या मजल्यावरची खोली देण्याचे घाटत आहे. कागदोपत्री जागा तेवढीच राहील, पण जिने चढणे ज्यांना शक्य नाही ते वाचक हळूहळू येईनासे होतील. मग आकडे दाखवून सांगितले जाईल की, वाचकच उरले नाहीत. सार्वजनिक सोयी अशाच, गाजावाजा न होता, मोडीत निघतात. तळमजल्याची मागणी घेऊन आम्ही सह्या गोळा करीत आहोत.

पुस्तके आता भ्रमणध्वनीवरही मिळतात, मग एवढा अट्टाहास कशाला, असे कोणी म्हणेल. मजकूर तेथे मिळतो हे खरेच, आणि अक्षर मोठे करता येते हा आमच्यासारख्यांना मोठाच आधार. पण आपण काय वाचले हे सांगावयास समोर माणूस लागतो, आणि एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे नेमका तोच नसतो.

दोष आम्हा वृद्धांचाही आहे. 'आमच्या वेळी' ह्या दोन शब्दांनी सुरुवात केली की तरुण उठून जातो, आणि त्याचे काही चुकत नाही. त्याच्याही हातात पुस्तक असते. ते कोणते, हे आम्ही विचारीत नाही.

आपल्या शाखांत जुन्या कार्यकर्त्यांना झेंडावंदनाला बोलावून हार घालण्याची रीत आहे. हार अवश्य घालावा. पण पुढच्या वेळी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसावे, सध्या काय वाचता हे विचारावे, उत्तर संपेपर्यंत ऐकावे आणि मग आपल्या पिशवीतले पुस्तक त्यांच्या हाती द्यावे.