तुमचा झहीर, आपला झहीर

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. शामियाना, हार, ट्रॉफ्या आणि मागच्या फ्लेक्सवर डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. अलीकडे त्यांच्या शेजारी अन्सार शेख यांचाही फोटो असतो. पाहुणे उठतात आणि सांगतात, मुलांनो, सिनेमा-क्रिकेटची खुळं सोडा, कलाम बना. रिक्षावाल्याचा मुलगा आयएएस होऊ शकतो, मग तुम्ही का नाही?

हे ‘तुम्ही का नाही’ मला खटकतं. समोर बसलेला पंधरा वर्षांचा मुलगा त्यातून एवढंच ऐकतो की रस्ता होता, तूच चालला नाहीस. त्याच्या घरात अभ्यासाला कोपरा आहे का, बाप महिन्यातले किती दिवस कामावर असतो, हे कुणी विचारत नाही. आणि ज्यांची नावं घेऊन त्याला ऐकवलं जातं त्यांचीही अर्धीच गोष्ट सांगितली जाते.

मी हरसूलचा. त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं, गुजरातच्या हद्दीजवळचं हे बाजाराचं गाव. भोवती आदिवासी पाडे. पावसाळ्यात भात, नागली, वरई. पाऊस सरला की माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. गावातली मुस्लिम घरं बहुतेक छोट्या धंद्यांवर चालणारी. माझे अब्बा नाशिकच्या फेऱ्यांवर काळी-पिवळी जीप चालवायचे. जीप मालकाची, अब्बांना रोजचे पैसे. अम्मी शिलाईकाम करायची.

२००३ साली ‘तेरे नाम’ आला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. गावातल्या निम्म्या पोरांनी केस वाढवून मधोमध भांग पाडला. माझ्या भिंतीवर मात्र झहीर खान होता, पेपरातून कापलेला, चेंडू सोडतानाचा. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं. रात्री छताकडे बघत मी वानखेडेवर गोलंदाजी करायचो. अब्बा म्हणायचे, शेखचिल्ली, झोप आता. त्यांचा राग मला समजतो. ज्याचं उद्याचं डिझेल उद्याच्या सवारीवर अवलंबून, त्याला पोराचं स्वप्न खर्चाचं वाटणारच. पण त्या छताखाली मला कुणी काही विचारत नव्हतं, आणि तेवढी मोकळीक दिवसभरात दुसरीकडे कुठे नव्हती. गरिबांच्या पोरांची दिवास्वप्नं म्हणजे रिकामटेकडेपणा, हे मला आजही पटत नाही. श्रीमंत घरातल्या मुलाने हेच केलं की त्याला आपण कल्पक म्हणतो आणि चित्रकलेच्या क्लासला घालतो.

झहीर श्रीरामपूरचा, म्हणजे आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातला. इंजिनिअरिंग सोडून तो क्रिकेटकडे वळला. (मी क्रिकेट सोडून इंजिनिअरिंगकडे गेलो. भारतीय संघाचं यात काही नुकसान झालेलं नाही.) २३ मार्च २००३ ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या आणि आपण हरलो. दुसऱ्या दिवशी अब्बांच्या जीपमधला रोजचा एक प्रवासी म्हणाला, “चाचा, तुमच्या झहीरने घालवलं.” माणूस वाईट नव्हता, सणाला आमच्याकडे शिरखुर्मा खायला येणारा. अब्बा हसले, पैसे घेतले, गिअर टाकला. २०११ च्या अंतिम सामन्यात झहीरने पहिली तीन षटकं निर्धाव टाकली, स्पर्धेत २१ बळी घेतले, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक. त्या रात्री तोच माणूस अब्बांना मिठी मारून म्हणाला, “आपला झहीर!”

‘तुमचा’ आणि ‘आपला’ यांच्यातलं हे अंतर मुस्लिम घरातली पोरं फार लवकर मोजायला शिकतात. २०२१ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या पराभवानंतर मोहम्मद शमीवर काय काय लिहिलं गेलं ते सगळ्यांनी पाहिलं. २०२३ च्या विश्वचषकात त्याने २४ बळी घेतले, तेव्हा लिहिणाऱ्यांची भाषा बदलली.

मात्र हाच हिशेब आपणही करतो, हे बोलायला हवं. कलाम ‘आपले’, झहीर ‘आपला’, यूपीएससीच्या यादीत ‘आपले’ किती, हे आपण निकालाच्या दिवशी बोटांवर मोजतो. मोजण्यामागची वेदना खरी आहे. ज्यांना पावलोपावली पुरावा मागितला जातो ते पुरावे जमवून ठेवतात. पण पोराच्या भिंतीवरचा फोटो पुरावा म्हणून लावायला लागलो की त्याचा हिरो त्याचा राहत नाही, समाजाचा वकील होतो.

कलामांचं लहानपणचं स्वप्न वैमानिक होण्याचं होतं. डेहराडूनला निवड आठ जणांची झाली आणि ते नववे आले. त्याआधी मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळाला तेव्हा भरायला पैसे नव्हते, म्हणून बहीण जोहरा यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या गहाण टाकल्या. आत्मचरित्रात त्यांनी स्वतः हे सांगितलं आहे. जोहरांचा फोटो मी एकाही फ्लेक्सवर पाहिलेला नाही. अन्सार शेख यांचे वडील जालना जिल्ह्यातले रिक्षाचालक, भाऊ गॅरेजात कामाला. वयाच्या २१ व्या वर्षी पहिल्याच प्रयत्नात ते यूपीएससी उत्तीर्ण झाले. पुण्यात राहायला जागा मिळावी म्हणून आपल्याला ‘शुभम’ हे नाव सांगावं लागलं, हेही त्यांनीच सांगितलं आहे. पुण्यात मीही खोल्या शोधल्या आहेत, त्यामुळे ती गोष्ट मला समजावून सांगावी लागत नाही. आपल्या सभांत मात्र रिक्षा सांगतात, शुभम गाळतात. पाहुण्यांमध्ये एखादा फ्लॅटमालक असतो म्हणून असेल.

हरसूलकडे परत येतो. आमच्या भागातली सगळ्यात मोठी हिरो हरसूलजवळच्या सावरपाड्याची आहे. कविता राऊत, ‘सावरपाडा एक्स्प्रेस’. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य. राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये रौप्य आणि ५,००० मध्ये कांस्य. २०१२ साली अर्जुन पुरस्कार, २०१६ ला रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन. पाड्यावरच्या मुलीच्या पायांत वेग असणं ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नाही. पाणी आणि शाळा दोन्ही लांब असतात. नवल हे की नाशिकमध्ये विजेंदर सिंग नावाचा प्रशिक्षक होता आणि त्याने तो वेग ओळखला. असा माणूस प्रत्येक तालुक्याला का नाही, हा प्रश्न ‘तुम्ही का नाही’पेक्षा मला जास्त कामाचा वाटतो.

ती जिंकली तेव्हा बाजारपेठेतले मुस्लिम दुकानदारही खूश होते. पण आमच्या मोहल्ल्यात कुणी आपल्या मुलीला ‘कविता बन’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. एक तर मुलीने रस्त्यावर धावायचं, हेच अवघड. आणि दुसरं, ती ‘त्यांची’ होती. गिऱ्हाईक आणि दुकानदार, उधारी आणि वसुली, एवढीच ओळख असली की पलीकडच्या घरातला हिरो आपल्या घरात यायला कचरतो.

जुलै २०१५ मध्ये एका आदिवासी तरुणाच्या मृत्यूनंतर हरसूलमध्ये दंगल उसळली. मुस्लिमांची दुकानं, घरं लुटली आणि जाळली गेली. पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो, रात्रभर फोन लावत होतो. कविता सगळ्यांची असती तर दंगल टळली असती, असं मी म्हणणार नाही. जमीन, सावकारी, राजकारण यांचे हिशेब असे मिटत नसतात. पण एकाच बाजारात वाढलेल्या दोन समाजांच्या पोरांकडे एकत्र टाळ्या वाजवायला एक नावही नसावं, हे मला त्या आगीइतकंच भीतीदायक वाटतं.

आणि हिरो झाल्यावर तरी काय? इतर पदकविजेत्यांना राज्य सरकारने थेट नेमणूक दिली, मग मला का नाही, असा जाहीर प्रश्न कविताला २०२४ मध्ये विचारावा लागला. हरसूलच्या पोरांनी ती बातमीही वाचली. आपल्या गुणगौरव समितीने या प्रश्नावर एक निवेदन दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. रोजगारात डावललं जाणं म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्यांपेक्षा कमी कळतं असं नाही.

दंगलीनंतर दोन वर्षांनी अब्बा-अम्मी नाशिकला माझ्या बहिणीजवळ राहायला आले. भाची आता पंधराची. तिच्या कपाटाच्या दारावर एका कोरियन बँडच्या सात पोरांचं पोस्टर आहे. अम्मीला ते अजिबात आवडत नाही. “यातला मुसलमान कोण आहे?” तिने एकदा विचारलं. भाची म्हणाली, “नानी, कुणीच नाही.” अब्बांनी चष्मा लावून पोस्टर बराच वेळ पाहिलं आणि यातला गाणारा कुठला ते विचारलं. सगळेच, असं कळल्यावर म्हणाले, “मग बरं आहे. एकावर भार नको.”