एकच इंजिन, म्हणून एकच ॲव्हरेज?

‘गाडी किती देते?’ या प्रश्नाला आपल्याकडे एका आकड्याचे उत्तर चालते. विकणारा तो सांगतो, घेणारा तो धरून चालतो. बेस मॉडेल घ्या नाहीतर टॉप मॉडेल, इंजिन तेच, तेव्हा ॲव्हरेजही तेच, असा हा हिशेब. पुढे टॉप मॉडेलवाल्याला ओळखीतल्या बेस मॉडेलवाल्यापेक्षा लिटरमागे किलोमीटर-दोन किलोमीटर कमी पडू लागले की तो म्हणतो, माझ्याच वाट्याला खराब गाडी आली, किंवा कंपनीने आकडा फुगवला. हे दोन्ही आरोप बहुतेक वेळा निराधार असतात. चूक आहे ती त्यांच्या मुळाशी असलेल्या गृहीतकात, आणि ते इतके पक्के बसले आहे की त्याचे सविस्तर खंडन मला गरजेचे वाटते.

इंजिनाने किती इंधन जाळायचे हे बरेचसे त्याच्या भोवतीची गाडी ठरवते. टायर फिरताना दबतो, पुन्हा मूळ आकार घेतो आणि त्यात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. गाडी जितकी जड तितका हा रोध जास्त. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सिग्नलला ब्रेक लावला की एवढ्या वजनाला दिलेली गती ब्रेकमध्ये उष्णता होऊन संपते, आणि दिवा हिरवा झाला की ती नव्याने पेट्रोल जाळून मिळवावी लागते. वजन, टायर, गाडीचा आकार यांतले काहीच ‘सीसी’मध्ये दिसत नाही. व्हेरियंट बदलला की मात्र यांतले काही ना काही बदलतेच.

टोयोटा प्रियसची अमेरिकेतली २०२३ ची आवृत्ती पाहा. एलई हा तिचा सर्वांत स्वस्त व्हेरियंट, त्याला १७ इंची चाके. वरच्या एक्सएलई आणि लिमिटेडला १९ इंची. तिघांचे दोन लिटरचे इंजिन एकच, हायब्रिड यंत्रणा एकच. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या लेबलवर पुढची चाके चालवणाऱ्या एलईला गॅलनमागे ५७ मैल आहेत आणि वरच्या दोघांना ५२. आपल्या भाषेत लिटरला सुमारे २४.२ आणि २२.१ किलोमीटर. चाचणीची पद्धत एक, नियम एक. चालकाचा पाय, ट्रॅफिक किंवा पंपावरची भेसळ यांतले काहीही इथे सबब म्हणून चालणार नाही. टायरची रुंदीही दोन्हीकडे १९५ मिलिमीटरच आहे. फरक आहे तो मोठ्या चाकाचा, त्यावरच्या निराळ्या टायरचा आणि वाढलेल्या साधनांच्या वजनाचा. मोठ्या रिमचे वजन केंद्रापासून दूर असते, त्यामुळे प्रत्येक वेळी वेग घेताना ते फिरवायला जास्त जोर लागतो. शोरूमच्या दिव्यांखाली तेच चाक सर्वांत देखणे दिसते.

अजूनही इंजिनाकडेच बोट दाखवायचे असेल, तर जिथे इंजिनच नाही अशी गाडी घेऊ. ह्युंदाईची विजेवर चालणारी आयोनिक ६. तिच्या २०२३ च्या अमेरिकी आवृत्तीत मोठी बॅटरी आणि मागच्या चाकांवर मोटर, एवढे सगळे समान ठेवून १८ इंची चाकांच्या व्हेरियंटला एका चार्जमध्ये ३६१ मैल मिळाले, २० इंची चाकांच्या व्हेरियंटला ३०५. म्हणजे सुमारे ५८० आणि ४९० किलोमीटर. नव्वद किलोमीटर म्हणजे पुण्याहून लोणावळा गाठून थोडे परत येण्याइतके अंतर.

दुसरा लोकप्रिय समज असा की टॉप मॉडेलमधले स्क्रीन, दिवे, स्पीकर पेट्रोल पितात. पितात, पण किती? वीस वॅटचा स्क्रीन तासभर चालला तर ७२ किलोज्यूल ऊर्जा लागते. अल्टरनेटर आणि इंजिन या दोन्हींतली गळती धरली तरी त्यासाठी पंधरा मिलिलिटरसुद्धा पेट्रोल जळत नाही. एसी खरोखर खातो, कडक उन्हाळ्यात तर भरपूर खातो, पण तो आता बेस मॉडेललाही असतो. वरच्या व्हेरियंटमध्ये खरा भार पडतो तो सनरूफची काच, तिची चौकट, विजेवर हलणारी आसने, मोठी चाके अशा मुक्या वस्तूंचा. त्या वीज खावोत न खावोत, रोज प्रत्येक सिग्नलपासून त्यांना ओढत न्यावे लागते. ४५ किलो जादा वजनामागे साधारण एक टक्का ॲव्हरेज घटते, असा अमेरिकी सरकारचा ठोकताळा आहे. एक टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण तो गाडी भंगारात जाईपर्यंत भरायचा असतो.

मग महाग ते जास्त पिणारे, असा उलटा नियम करावा का? तोही टिकत नाही. २०२४ च्या स्विफ्टमध्ये मॅन्युअलला २४.८० आणि महाग असलेल्या एएमटीला २५.७५ किलोमीटर आहेत. ऑटोमॅटिक जास्त पितेच, हा जुना अनुभव टॉर्क कन्व्हर्टरच्या काळातला. त्यात तेलामार्फत शक्ती जाताना काही वाया जाते. एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवते. शिवाय आपल्याकडच्या चाचणीत मॅन्युअल गाडीचा गिअर ठरवून दिलेल्या वेगालाच बदलावा लागतो, एएमटी मात्र आपल्या हिशेबाने लवकर वरच्या गिअरमध्ये जाऊ शकते.

ग्रँड विटारा २०२२ मध्ये आली तेव्हाचे आकडेही बोलके आहेत. त्याच दीड लिटरच्या माइल्ड हायब्रिड इंजिनाला आणि मॅन्युअल गिअरबॉक्सला दोन चाकांवर २१.११ आणि चारही चाकांवर १९.३८. मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा, जादा गिअर आणि त्यांचे वजन यांची ही किंमत. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरले तर सुमारे ५१ लिटर पेट्रोल. मावळातल्या चिखलात किंवा कोकणातल्या चढावर ज्याला चार चाकांची गरज आहे त्याने ती किंमत जरूर द्यावी. पण ती माहीत असून द्यावी. त्याच गाडीच्या स्ट्राँग हायब्रिडचे २७.९७ मात्र या तुलनेत ओढू नयेत. त्यात तीन सिलिंडरचे वेगळेच इंजिन आहे. बॉनेटवर नाव एक असले म्हणून गाडी एक होत नाही.

‘हे सगळे आकडेच खोटे असतात’ या आरोपाचे काय? चाचणी होते ती प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून, आणि वेग ताशी ९० च्या वर जात नाही. हिंजवडीच्या रांगेत तो आकडा मिळणार नाही, हे उघडच आहे. तो भविष्य सांगण्यासाठी नाहीच; दोन गाड्या एकाच फूटपट्टीने मोजण्यासाठी आहे. त्याचा एवढाच उपयोग, आणि एवढा उपयोग मोठा आहे. म्हणूनच पाच-सहा व्हेरियंटना मिळून एक आकडा लावला की मला राग येतो, कारण ज्या तुलनेसाठी चाचणी केली ती तुलनाच ग्राहकाच्या हातून काढून घेतली जाते.

‘इंजिन तेच तर आकडा तोच’ हे गृहीतक एकदा अमेरिकेच्या नियमातच बसले होते. फोर्डने २०१२ मध्ये सी-मॅक्स हायब्रिड आणली आणि तिला गॅलनमागे ४७ मैल लावले. मोजणी झाली होती कंपनीच्याच फ्युजन हायब्रिडवर. इंजिन, गिअरबॉक्स आणि वजनगट सारखे असल्याने नियमाला ते मान्य होते. पण फ्युजन बसकी सेडान, सी-मॅक्स उंच हॅचबॅक; हवेपुढे दोघी सारख्या कशा असतील? ऑगस्ट २०१३ मध्ये आकडा ४३ वर उतरवावा लागला, ग्राहकांना भरपाई द्यावी लागली, आणि पर्यावरण संस्थेने तो नियमच बदलायचे ठरवले. फोर्डने नियम मोडला नव्हता. म्हणून तर हे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते.

प्रत्येक व्हेरियंटची चाचणी परवडणार नाही, हा कंपन्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. त्याला युरोपने उत्तर शोधले आहे. तिथे २०१७ पासून लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी पद्धतीत गाड्यांच्या एका कुटुंबातली सर्वांत जास्त रोधाची आणि सर्वांत कमी रोधाची, अशा दोन गाड्या मोजता येतात. मधल्या प्रत्येक गाडीचा आकडा तिचे वजन, टायरचा रोध आणि हवेचा रोध यांवरून गणिताने निघतो. ग्राहकाने मोठी चाके निवडली की आकडा बदलतो. आपल्याकडेही हे अशक्य नाही. २०२२ च्या ब्रेझात एलएक्सआय, व्हीएक्सआय मॅन्युअलला २०.१५ आणि झेडएक्सआय, झेडएक्सआय प्लसला १९.८९ असे वेगळे आकडे जाहीर झाले होते. फरक पाव किलोमीटरचा, पण तो सांगितला गेला.

इतके आकडे दिले तर ग्राहक गोंधळेल, असेही म्हणतात. तोच ग्राहक किमतीचा डझनभर ओळींचा तक्ता व्हेरियंटनिहाय वाचतो, विमा आणि आरटीओची रक्कम त्यात मिळवतो, हप्ता काढतो आणि पाच हजारांसाठी घासाघीस करतो. त्याच तक्त्यात प्रत्येक व्हेरियंटपुढे लिटरमागचे किलोमीटर, वजन आणि टायरचा आकार छापणे सक्तीचे करावे, आणि जाहिरातीतल्या ठळक आकड्याखाली तो कोणत्या व्हेरियंटचा आहे ते त्याच ठळक अक्षरांत लिहावे.