आईला गाण्याला न्या

आईवडिलांची सेवा म्हटली की आपल्यासमोर एक ठराविक चित्र उभे राहते. डोळ्यांचे ऑपरेशन करून आणणे, औषधे वेळेवर देणे, वर्षातून एकदा पंढरपूर किंवा पैठण घडवणे. ही कर्तव्ये मोलाची आहेतच. पण या यादीत आईला गाण्याच्या मैफलीला नेणे कुणी घालत नाही. म्हातारपणी माणसाला प्रकृती असते, श्रद्धा असते. आवडनिवड मात्र नसते, असे आपण धरून चाललो आहोत काय?

पहिला आक्षेप येतो तो असा : तिला रागदारीतले काय कळणार? असे विचारणाऱ्याने जरा मागे वळून पाहावे. आपल्या आया-आज्या पहाटे जात्यावर ओव्या गात होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून खेड्यापाड्यांतून या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या १ लाखाहून अधिक भरली. जात्याच्या घरघरीवर जिने ओळ रचली, तिला लय कळत नाही असे कसे म्हणावे? रागाचे नाव ठाऊक नसणे आणि गाणे न कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

शिवाय येथे न्यायाचाही प्रश्न आहे. वडिलांनी निदान जत्रेत तमाशाच्या फडावरची ढोलकी ऐकली, भजनात टाळ धरला. आईच्या वाट्याला आले ते कीर्तन, तेही चूल आवरून, पोरे निजवून. पंडित भीमसेन जोशींचे अभंग तिने रेडिओवर ऐकले ते भाकरी थापताना. कलावंत समोर बसून गातो आहे आणि आपल्याला मध्येच उठायचे नाही, असे दोन तास किती जणींना लाभले?

कुणी म्हणेल, बदनापुरात मैफली होतात कुठे? खरे आहे. पण आपण जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्यामध्ये आहोत. रस्ता आहे, रेल्वे आहे. २०२३ साली संभाजीनगरच्या सोनेरी महालात वेरूळ-अजिंठा महोत्सव झाला, तो काही परदेशात नव्हता. खरी अडचण परतीच्या गाडीची. तीही आता थोडी सुटली आहे. पुण्यात १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चाले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद केले; वर्षातील मोजक्या दिवशीच बारापर्यंत सवलत मिळते. उत्तररात्रीचे राग हरवले म्हणून रसिक हळहळले, आणि ती हळहळ खोटी नाही. परंतु मोठे महोत्सव दुपारीच सुरू होऊ लागले. भीमपलास, मुलतानी हे त्या वेळेचे राग ऐकून वृद्ध माणूस वेळेत घरी परतू शकतो.

नेताना मात्र तारतम्य हवे. कडेची खुर्ची घ्यावी, ध्वनिक्षेपकापासून दूर बसावे, स्वच्छतागृह आधी पाहून ठेवावे. ती थकली तर मध्यंतरात उठावे. तिकिटाचे पैसे वसूल करण्यासाठी तिला बसवून ठेवू नये. आणि मुख्य म्हणजे, तिला काय ऐकायचे आहे ते आधी विचारावे. भजन, नाट्यगीत, कव्वाली, जे तिचे असेल ते. आपली आवड तिच्यावर लादणे ही सेवा नव्हे. "आता ह्या वयात मला कुठं नेतुस? घराकडं कोन बघंल?" असे ती म्हणेलच. जन्मभर स्वतःला शेवटी ठेवण्याची ही सवय आहे. तो नकार समजू नये.

आपल्या महाविद्यालयानेही एक करावे. स्नेहसंमेलनाच्या दिवसांत एक दुपार गाण्याच्या बैठकीसाठी ठेवावी. पहिली रांग नेहमी पाहुण्यांसाठी राखीव असते. त्या दुपारी ती विद्यार्थ्यांच्या आयांसाठी राखावी.