‘वयच झाले!’

साठीच्या घरातील सुमारे निम्म्या पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीची वाढ आढळते, असे वैद्यक सांगते. आमच्या सुशिक्षित घरांत मात्र ती कोणासच झालेली नसते! रात्री चार-चारदा उठणारे वडीलधारे गृहस्थ ‘वयच झाले’ म्हणून गप्प बसतात. लघवी पुरती तुंबली म्हणजे मुलगा-सून त्यांना घेऊन रुग्णालयात धावतात. तोवर कित्येकदा मूत्रपिंडांस इजा पोहोचलेली असते.

या मौनात लाज आहे, तशीच शस्त्रक्रियेची धास्तीही आहे. ती आता जुनी झाली. ओटीपोट चिरून ग्रंथी काढण्याचे दिवस केव्हाच मागे पडले व मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ती खरवडण्याची रीत रूढ झाली. लेझरने ग्रंथी काढलेले निवडक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. वाढलेल्या भागात पाण्याची वाफ सोडण्याच्या पद्धतीस अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली. तीत तर रात्रभर राहण्याची गरज सहसा पडत नाही. अर्थात ही जादू नव्हे. वाफेचा गुण यावयास काही आठवडे लागतात, आरंभी काही दिवस नळी बाळगावी लागते आणि फार मोठ्या ग्रंथीस हा उपाय सहसा योजीत नाहीत. जाहिराती हे सांगत नाहीत.

आमचा आग्रह एवढाच की, संध्याकाळी घरी धाडलेल्या वृद्धाची नळी मध्यरात्री तुंबल्यास कोणास बोलवावयाचे, हे रुग्णालयाने त्याच्या हाती लेखी द्यावे.