स्पीकर खरे बोलतो तेव्हा

मे २०२५ मध्ये म्युनिकला मुलाकडे होतो. एका शनिवारी सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "बाबा, स्पीकर ऐकायला येता का?" गणपतीच्या मांडवापासून लग्नाच्या कार्यालयापर्यंत जन्मभर आपण स्पीकरच ऐकत आलो, त्यासाठी मुद्दाम कुठे जायचे, असे मनात आले. पण निघालो. शहराच्या उत्तरेला, फ्राइमान भागातल्या एमओसी या भल्यामोठ्या इमारतीत 'हाय एंड' नावाचे प्रदर्शन भरले होते. २००४ पासून ते तिथे भरत आले होते. हा त्याचा तिथला शेवटचा मुक्काम. २०२६ पासून ते व्हिएन्नाला हलवायचे ठरले होते.

आत एकामागून एक बंद खोल्या. प्रत्येकीत मंद दिवे, खुर्च्यांच्या रांगा आणि कीर्तनाला बसावेत तसे गंभीर चेहऱ्याचे लोक. समोर स्पीकरची जोडी. काही जुन्या ग्रामोफोनच्या कर्ण्यासारखे, पण माणसाहून उंच. काही पियानोसारखे चकचकीत. काही पडद्यासारखे चपटे. एका जोडीची किंमत मुलाने रुपयांत करून सांगितली. पुण्याच्या उपनगरात तेवढ्यात बरा फ्लॅट आला असता. कर्जाचे अर्ज तपासण्यात हयात गेलेल्या मला त्यावर तारण काय, हाच प्रश्न सुचला.

आवाज मात्र थक्क करणारा होता, हे प्रांजळपणे कबूल करतो. ढोलाची थाप कानांआधी पोटाला कळत होती. गाणारी बाई हातभर अंतरावर उभी आहे असे वाटत होते. तंत्रज्ञ मंडळी फार उंच स्वरांच्या नाजूकपणाबद्दल भरभरून बोलत होती. कागदोपत्री माणसाचा कान २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. पण साठीनंतर त्यातला वरचा बराच भाग हळूहळू निघून गेलेला असतो. म्हणजे असे स्पीकर परवडण्याच्या वयात ते पुरते ऐकणारे कान उरलेले नसतात!

चौथ्या-पाचव्या खोलीत एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक ठिकाणी त्या स्पीकरला शोभून दिसेल असेच संगीत लावले होते. मुलगी दाखवण्याच्या जुन्या कार्यक्रमात बसवलेले एकच गाणे म्हणायला सांगत, तसा प्रकार. तो ढोल प्रत्यक्षात कसा वाजतो, ती बाई समोर बसून कशी गाते, हे मला ठाऊक नव्हते. मग स्पीकर खरे बोलतो की खोटे, हे कशावरून ठरवायचे?

या प्रश्नाचे फार साधे उत्तर बीबीसीच्या अभियंत्यांपाशी होते. माणसाचे बोलणे ही त्यांची एक मोठी कसोटी होती. कारण ओळखीच्या आवाजाच्या बाबतीत कान सहसा फसत नाही. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावावा म्हणून त्यांनी १९७०च्या दशकात एलएस३/५ए नावाचा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. मानवी आवाजासाठी त्या छोट्या खोक्याचे चाहते आजही जगभर आहेत.

आपल्याकडे तर याहून कडक कसोटी आहे : तानपुरा. त्याच्या रुंद घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात. तार जिथे छेडावी, त्यानुसार काही उपस्वर नियमाने उमटायला नकोत. पण तानपुऱ्यात ते उमटतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवून दिले होते. हे सारे उपस्वर सांभाळणे स्पीकरला सोपे नाही. वाईट स्पीकरवर तानपुऱ्याचे गांधीलमाश्यांचे पोळे होते.

दुपार कलताना आम्ही एका लहान खोलीत शिरलो. मध्यम उंचीचे साधे स्पीकर, चार-पाच माणसे. खोलीचे वयस्क मालक म्हणाले, "तुमच्याजवळचे काही ऐकायचे आहे?" मुलाने खिशातून फोन काढला. त्यात १९७९ सालच्या एका घरगुती मैफलीची प्रत होती. माझ्या वडिलांनी कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणून ती कॅसेटवर घेतली होती. गायिकेचे नाव आज सांगितले तर कुणी ओळखणार नाही. खरखर फार म्हणून ती कॅसेट मी क्वचितच लावत असे.

आधी तानपुरा आला. मग त्या बाईंचा स्वर लागला, तो दोन्ही स्पीकरच्या मधोमध, रिकाम्या जागेतून. एकाच मायक्रोफोनवरचे ध्वनिमुद्रण दोन्हीकडून सारखेच वाजते, तेव्हा कानाला ते मधूनच आल्यासारखे वाटते. खरखर होतीच. पण तिच्यामागे पंख्याची घरघर होती, बांगड्यांची किणकिण होती आणि पहिल्या तानेनंतर अगदी जवळून, खालच्या आवाजात कुणीतरी "अहाहा" म्हणाले.

"बाबा, कोण हो हे?" मुलाने हळूच विचारले.

"तुझे आजोबा," मी म्हटले. टेपरेकॉर्डरला चिकटून तेच बसले होते. ते १९९१ मध्ये गेले. मुलाचा जन्म त्यानंतरचा.

त्या दिवशी मी स्पीकर विकत घेतला नाही, आणि कुणी घ्यावा असेही सुचवत नाही. मला जे म्हणायचे आहे ते उलटेच आहे. उत्तम स्पीकर पदरचे काही घालत नाही. मुद्रणात जे आहे तेवढेच तो देतो. दिवसभर मी हिऱ्याच्या पडद्यांविषयी आणि मनगटाएवढ्या जाड वायरींविषयी ऐकले. हे गाणे कुणी, कुठे, कसे टिपले, हा विषय कोणीच काढला नाही. पुणे, सांगली, गोवा, इंदूर, धारवाड इथल्या किती घरांत अशा मैफलींची स्पूल आणि कॅसेटी माळ्यावर पडून असतील! पावसाळ्यागणिक त्यांना बुरशी लागते, आणि त्या वाजवणारी धड यंत्रेही आता सहज मिळत नाहीत. घर रिकामे करताना त्या रद्दीत जातात. पुढे कितीही चांगला स्पीकर निघाला, तरी नष्ट झालेली मैफल तो वाजवू शकणार नाही.

म्हणून एवढेच करा. माळ्यावरचा खोका काढा, जाणकाराकडून प्रत करून घ्या, आणि ठिकाण, साल, राग, साथीदार हे आठवणारे कुणी घरात असेतो लिहून ठेवा. कलावंताच्या घरच्यांनाही एक प्रत द्या. आणि मूळ टेप टाकू नका. आमची प्रत करणारा मुलगा खरखर, पंखा सगळे 'साफ' करून द्यायला तयार होता. माझ्या मुलाने नको म्हटले. साफसफाई झाली असती, तर त्यात ते "अहाहा"ही कदाचित पुसले गेले असते.

परत आल्यावर घरातल्या जुन्या, साध्या स्पीकरवर ती मैफल पुन्हा लावली. पहिल्या तानेनंतर ते "अहाहा" तिथेही स्पष्ट ऐकू आले. इतकी वर्षे ते तिथेच होते.